वीज जाऊन आली की स्मार्ट उपकरणे हरवतात: घरातील उपकरणांचा आयपी पत्ता कायम ठेवण्यासाठीच्या तपासण्या

लक्षणे

रात्री वीज जाऊन पहाटे परत आलेली असते. सकाळी दाराबाहेरचा कॅमेरा मोबाइलवर व्यवस्थित दिसतो, पण कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरच्या पडद्यावर त्याची चौकट काळी असते. प्रिंटरचा वाय-फायचा दिवा स्थिर असतो, शाई आणि कागद भरलेले असतात, तरी लॅपटॉप तो ‘ऑफलाइन’ असल्याचे सांगतो. बैठकीतील दिवे कंपनीच्या ॲपवरून लागतात, पण संध्याकाळी सात वाजता ते आपोआप लावण्याचे काम ‘होम असिस्टंट’सारख्या ज्या घरगुती नियंत्रकाकडे सोपवलेले असते, त्याला ते दिवे सापडत नाहीत. क्वचित याहून विचित्र प्रकार दिसतो: दोन उपकरणे आळीपाळीने गायब होतात, एक सुरू झाले की दुसरे बंद पडते.

या सर्व लक्षणांची खूण एकच आहे. उपकरण एका वाटेने सापडते आणि दुसऱ्या वाटेने सापडत नाही. कंपनीचे ॲप उपकरणाच्या नोंदणी क्रमांकावरून कंपनीच्या सर्व्हरमार्फत त्याच्यापर्यंत पोहोचते, त्यामुळे घरातील पत्ता बदलला तरी त्याचे काही अडत नाही. रेकॉर्डर, लॅपटॉप आणि घरगुती नियंत्रक यांनी मात्र बहुधा उपकरणाचा घरातील आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर ते ज्या आकड्यांवरून सापडते तो पत्ता, लिहून ठेवलेला असतो आणि ते त्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावत राहतात. याउलट घरातील सर्वच उपकरणांचे, मोबाइलसह, इंटरनेट बंद असेल, किंवा उपकरण फक्त लांबच्या खोलीत नेल्यावर तुटत असेल, तर तो बिघाड वेगळा आहे आणि पुढील तपासण्यांचा त्याला उपयोग होणार नाही.

हे घडते कसे

राऊटरमधील डीएचसीपी ही व्यवस्था घरात आलेल्या प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी एक पत्ता देते. यात्रेच्या गावातील भक्तनिवासाचा व्यवस्थापक आलेल्या माणसाला रिकामी असेल ती खोली देतो, तसाच हा व्यवहार आहे. अर्धी मुदत उलटली की उपकरण स्वतःहून मुदतवाढ मागते आणि ती सहसा मिळते, म्हणून एरवी महिनोन्‌महिने पत्ता बदलत नाही. वीज गेल्यावर मात्र घरगुती वापराच्या अनेक राऊटरांमधील वाटपाची वही कोरी होते. वीज परतल्यावर पंधरा-वीस उपकरणे एकदम दारात उभी राहतात. त्यातील काही आपला जुना पत्ता आठवणीने मागतात, तर साध्या चिपवर चालणारी काही उपकरणे नव्याने मागणी करतात, आणि तेवढ्यात कोणाची तरी जुनी खोली दुसऱ्याला दिली जाते. दहांपैकी आठ-नऊ वेळा सगळे जागच्या जागी बसते, म्हणूनच हा बिघाड कधी येतो आणि कधी येत नाही, आणि म्हणूनच लोक दोष उपकरणाला देतात. पुण्यातील आमच्या भागात देखभालीसाठी वीज बहुतेक वेळा गुरुवारी बंद असते आणि या तक्रारीचे फोनही मला बहुतेक गुरुवारी संध्याकाळीच येतात.

राऊटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला की तक्रारी कमी होतात, हे खरे आहे. तो जरूर जोडावा, पण त्याने मूळ कारण दूर होत नाही. मुळातला उपाय असा की ज्या उपकरणाला इतर उपकरणे शोधत येतात, त्याचा पत्ता कायम असावा, आणि पत्ते ठरवणारा घरात एकच असावा. या दुसऱ्या अटीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे, पत्ते ‘कायम’ करूनही बिघाड परत आलेली घरे मी सर्वांत जास्त पाहिली आहेत.

पैसे खर्च करण्याआधी

इंटरनेट कंपन्या ‘स्टॅटिक आयपी’ या नावाने वेगळे पैसे घेऊन जी सेवा देतात, तिचा या बिघाडाशी संबंध नाही. तो तुमच्या घराचा बाहेरच्या जगातील पत्ता असतो. घराच्या आत प्रिंटर कोठे आहे, हे त्यावरून ठरत नाही. प्रिंटर सापडत नाही म्हणून एका शेजाऱ्यांनी ही सेवा वर्षभरासाठी घेतली होती आणि बिघाड जसाच्या तसा राहिला होता. त्याचप्रमाणे घरातील प्रत्येक उपकरणाला कायमचा पत्ता देण्याचा खटाटोपही करू नये. रेकॉर्डर, त्याला जोडलेले कॅमेरे, प्रिंटर, सामायिक साठवणुकीचा डबा, घरगुती नियंत्रक आणि तो थेट चालवतो ते दिवे व प्लग, एवढ्यांनाच त्याची गरज असते. झिगबी या वाय-फायहून वेगळ्या बिनतारी पद्धतीवर चालणाऱ्या दिव्यांना आणि सेन्सरना तर आयपी पत्ताच नसतो. तिथे फक्त त्यांना घराच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या हबचा पत्ता कायम करावा लागतो.

पहिली तपासणी: बंद-चालू करण्याआधी पत्ते लिहून घ्या

बिघाड दिसताच आपला हात राऊटरच्या बटणाकडे जातो. तो आवरावा, कारण बंद-चालू केल्यावर बिघाडाचा पुरावा पुसला जातो आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. आधी राऊटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता टाकला की उघडते त्या सेटिंगच्या पानावर) जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी उघडावी आणि हरवलेल्या उपकरणाचा आत्ताचा पत्ता कागदावर लिहावा. त्याच्या शेजारी रेकॉर्डरमध्ये किंवा लॅपटॉपच्या प्रिंटर-सेटिंगमध्ये नोंदवलेला पत्ता लिहावा. बहुतेक प्रिंटर आपल्या नेटवर्कची माहिती स्वतःच्या पडद्यावर दाखवतात किंवा कागदावर छापून देतात. या तपासणीला एक पैसाही लागत नाही आणि अर्धे निदान इथेच होते.

दोन पत्त्यांतील फक्त शेवटचा आकडा वेगळा असेल, उदाहरणार्थ नोंद १९२.१६८.१.२३ अशी असून उपकरण १९२.१६८.१.३१ वर बसले असेल, तर हाच आपला बिघाड आहे आणि चौथ्या तपासणीतील राखीव पत्त्याने तो सुटेल. उपकरणाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याने पत्ता मागितला तेव्हा कोणीही उत्तर दिले नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला, असा त्याचा अर्थ होतो. असे उपकरण राऊटरच्या यादीत सहसा दिसत नाही, त्याचा पत्ता त्याच्याच पडद्यावर पाहावा लागतो. पत्त्याचे पहिले तीन गटच जुळत नसतील, म्हणजे मोबाइल १९२.१६८.१ मध्ये आणि प्रिंटर १९२.१६८.० मध्ये असेल, तर घरात दोन राऊटर पत्ते वाटत आहेत अशी शंका घ्यावी आणि सरळ पाचव्या तपासणीकडे जावे.

दुसरी तपासणी: योग्य क्रमाने बंद-चालू

आता सर्व बंद करून आधी इंटरनेट कंपनीने बसवलेला फायबरचा डबा, मग स्वतःचा राऊटर असल्यास तो, आणि इंटरनेटचा दिवा स्थिर झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी उपकरणे एकेक करून चालू करावीत. क्रमाला महत्त्व आहे, कारण कॅमेरा किंवा प्लग राऊटरच्या आधी जागा होतो, पत्ता मागतो, आणि उत्तर न मिळाल्यामुळे त्यातील काही उपकरणे वर सांगितलेला १६९.२५४ चा पत्ता घेऊन बसतात. यानंतर उपकरण परत सापडले तरी काम संपले असे समजू नये. पुढच्या वेळी वीज गेली की हाच खेळ पुन्हा होणार आहे.

याच वेळी उपकरण ‘गेस्ट’ वाय-फायवर तर जोडलेले नाही ना, तेही पाहून घ्यावे. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवरील उपकरणांना घरातील इतर उपकरणांशी बोलू न देणे हेच त्या सोयीचे काम असते, आणि अशा वेळी पत्ता अचूक असूनही काही उपयोग होत नाही.

तिसरी तपासणी: एका पत्त्यावर दोघे राहतात का

उपकरणे आळीपाळीने गायब होत असतील, तर ही तपासणी सर्वांत खात्रीची आहे. संशयित उपकरणाची वीज पूर्ण काढावी, एक-दोन मिनिटे थांबावे आणि संगणकावरून त्याच्या पत्त्याला पिंग करावे, म्हणजे तिथून उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश पाठवावा. जे उपकरण बंद आहे त्याच्या पत्त्यावरून उत्तर आले, तर त्या खोलीत दुसरे कोणीतरी राहत आहे हे सिद्ध झाले. काही उपकरणे पिंगला उत्तरच देत नाहीत, म्हणून शांतता मिळाली तरी मोबाइलवरील एखाद्या नेटवर्क तपासणाऱ्या ॲपने यादी काढून तो पत्ता कोणत्या मॅक पत्त्याकडे (ही उपकरणाची स्वतःची ओळख, तिच्याविषयी चौथ्या तपासणीत) आहे, तेही पाहावे.

दुहेरी वस्तीची दोन कारणे मला वारंवार आढळली आहेत. पहिले असे की कोणीतरी प्रिंटरमध्ये किंवा कॅमेऱ्यात हाताने १९२.१६८.१.५ असा पत्ता भरला, पण राऊटरला त्याची कल्पना दिली नाही. राऊटरच्या दृष्टीने तो पत्ता वाटपात मोकळाच होता, आणि एके दिवशी त्याने तो पाहुण्याच्या मोबाइलला दिला. दुसरे कारण कॅमेऱ्यांचे आहे. तारेने जोडायचे काही कॅमेरे कारखान्यातूनच १९२.१६८.१.६४ किंवा १९२.१६८.१.१०८ असा ठरलेला पत्ता घेऊन येतात. एकाच कंपनीचे चार नवे कॅमेरे एकदम नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या स्विचला जोडले तर चौघेही एकाच पत्त्यावर उभे राहतात आणि रेकॉर्डरवर कधी एक, कधी दुसरा दिसतो. अशा वेळी कॅमेरा खराब आहे असे समजून परत पाठवण्यापूर्वी तिघांच्या तारा काढाव्यात, एकाचा पत्ता बदलावा, आणि मगच दुसऱ्याची तार लावावी.

चौथी तपासणी: राऊटरमध्ये पत्ता राखून ठेवणे

हा मुख्य उपाय आहे, म्हणून त्याला वेळ द्यावा. प्रत्येक उपकरणाला बारा अंक-अक्षरांचा मॅक पत्ता असतो, तो एखाद्या माणसाच्या नावासारखा समजावा. या नावाचे उपकरण आले की त्याला हीच खोली द्यायची, अशी नोंद राऊटरमध्ये करता येते. राऊटर बनवणारे या सोयीला ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक लीज’, ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ अशी निरनिराळी नावे देतात आणि ती बहुधा लॅन (घराच्या आतील नेटवर्क) किंवा डीएचसीपीच्या पानावर असते. उपकरणात मात्र काहीही बदलायचे नसते. ते पूर्वीसारखेच ‘ऑटो’वर राहू द्यावे. ठरवणारा राऊटर असतो आणि उपकरण फक्त विचारते, त्यामुळे दोघांच्या मतात फरक पडण्याचा प्रश्नच येत नाही.

आधी पत्त्यांची विभागणी करावी. पत्त्याचा फक्त शेवटचा आकडा सांगायचा तर माझ्या घरी राऊटर १ वर आहे, राखीव पत्ते १० ते ९९ मध्ये आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मोबाइल-लॅपटॉपसाठी वाटपाची पट्टी १०० ते १९९ अशी ठेवली आहे. कॅमेरे २० पासून, प्रिंटर ४० वर आणि दिवे ५० पासून, अशी रचना असल्यामुळे पत्ता पाहताच उपकरण ओळखता येते. काही राऊटर मात्र राखीव पत्ता वाटपाच्या पट्टीच्या आतलाच हवा असा आग्रह धरतात आणि बाहेरचा भरल्यास चूक दाखवतात. अशा राऊटरमध्ये पट्टी १० पासून सुरू करावी आणि तिच्या आतच राखून घ्यावे. राखलेला पत्ता राऊटर दुसऱ्या कोणाला देत नाही, त्यामुळे काही बिघडत नाही.

नोंद करूनही पत्ता बदलला नाही, अशी तक्रार येते. त्याचे साधे कारण असे की उपकरणाकडे जुन्या पत्त्याची मुदत अजून शिल्लक असते. राऊटरमध्ये मुदत चोवीस तासांची असेल तर उपकरण साधारण बारा तासांनीच पुन्हा विचारायला येते. उपकरण एकदा बंद-चालू केले की काम भागते. तरीही बदल होत नसेल, तर मॅक पत्ता चुकला आहे का ते पाहावे. टीव्ही, प्रिंटर आणि रेकॉर्डर यांपैकी ज्यांना तार आणि वाय-फाय दोन्ही चालतात, त्यांना दोन स्वतंत्र मॅक पत्ते असतात. नोंद तारेच्या मॅकची आणि जोडणी वाय-फायची, असे झाले तर राऊटर त्या उपकरणाला ओळखतच नाही.

भिंतीवर लावलेल्या जुन्या टॅबलेटवरून किंवा मोबाइलवरून घर चालवणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून ही उपकरणे प्रत्येक वाय-फायला आपला खरा मॅक पत्ता न सांगता बनवलेला सांगतात. वाय-फाय ‘विसरून’ पुन्हा जोडले की तो बदलू शकतो आणि आपली राखीव नोंद निकामी होते. ओळखण्याची खूण सोपी आहे: मॅक पत्त्यातील डावीकडून दुसरे स्थान २, ६, ए किंवा ई असेल तर तो बहुधा बनवलेला पत्ता असतो. घरच्या वाय-फायपुरता मोबाइलच्या सेटिंगमध्ये खरा मॅक वापरण्याचा पर्याय निवडावा. बाहेरच्या ठिकाणी ती सोय चालूच असू द्यावी, कारण ती आपल्या खासगीपणासाठीच केलेली आहे.

पाचवी तपासणी: घरात दोन राऊटर आहेत का

आपल्याकडे फायबरची जोडणी घेताना मिळणारा डबा हाच बहुधा वाय-फाय राऊटरही असतो. त्याची पोहोच कमी पडली की लोक वर दुसरा राऊटर किंवा मेश (अनेक डब्यांचा वाय-फाय) संच आणतात आणि तार हाताला लागेल त्या छिद्रात लावतात. दोन्ही राऊटर लॅनच्या छिद्रांतून एकमेकांना जोडले गेले आणि दोघांचीही पत्ते वाटण्याची व्यवस्था चालू राहिली, तर जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता उपकरण घेते. एकाच भक्तनिवासात दोन व्यवस्थापक आणि दोन वह्या असाव्यात, तशी ही स्थिती होते, आणि एका वहीत केलेली राखीव नोंद दुसऱ्याला माहीतच नसते. तार दुसऱ्या राऊटरच्या वॅन, म्हणजे इंटरनेट आत येण्याच्या, छिद्रात असेल तर गोंधळ वेगळा होतो: घराचे दोन भाग पडतात, आणि पहिल्या राऊटरवरील मोबाइलला दुसऱ्या राऊटरवरील प्रिंटर दिसत नाही.

दोन्ही प्रकारांत उपाय एकच आहे. दोघांपैकी एकालाच राऊटर ठेवावे आणि दुसऱ्याला ‘ॲक्सेस पॉइंट’ या, पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पुरवण्याच्या, पद्धतीवर न्यावे. अशी पद्धत नसेल तर त्याचे डीएचसीपी बंद करून तार त्याच्या लॅन छिद्रात लावावी. पण ते बंद करण्यापूर्वी त्या दुसऱ्या डब्याला पहिल्याच्या गटातील, वाटपाच्या पट्टीबाहेरचा एक पत्ता द्यावा आणि तो त्याच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहावा. हे न करता डीएचसीपी बंद केल्यामुळे स्वतःच्याच राऊटरच्या पानावर परत जाता न आलेले लोक मी पाहिले आहेत.

सहावी तपासणी: उपकरणातच हाताने भरलेला पत्ता

फायबर कंपनीच्या डब्यात राखीव पत्त्याची सोय लपवलेली किंवा कुलूपबंद असेल, तरच उपकरणात पत्ता हाताने भरावा, आणि तो वाटपाच्या पट्टीबाहेरचाच असावा. पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस असे चार रकाने भरावे लागतात आणि प्रत्येकातील चुकीचे लक्षण वेगळे असते. सबनेट मास्क, म्हणजे कोणते पत्ते घरातले हे सांगणारा आकडा, घरगुती जोडणीत बहुतेक २५५.२५५.२५५.० असतो. तो चुकला तर घरातील काही उपकरणे दिसतात आणि काही दिसत नाहीत. गेटवेच्या, म्हणजे बाहेर जाण्याच्या वाटेच्या, जागी राऊटरचा पत्ता हवा. तो चुकला तर कॅमेरा घरात दिसतो, पण बाहेरगावाहून दिसत नाही. डीएनएसचा, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचा, रकाना तर लोक हमखास रिकामा सोडतात. त्यामुळे कॅमेऱ्याला वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचे नाव उलगडत नाही, आणि वीज गेल्यानंतर काही कॅमेऱ्यांचे घड्याळ थेट १९७० सालावर जाऊन बसते. चोरीच्या तक्रारीसोबत द्यायचे चित्रण चुकीच्या तारखेचे निघाले तर त्याचा केवढा मनस्ताप होतो, हे मी एका घरात जवळून पाहिले आहे, म्हणून हा चौथा रकाना भरल्याशिवाय उठू नये. तिथे राऊटरचाच पत्ता घातला तरी चालतो.

हाताने भरलेल्या पत्त्यांचे खरे संकट राऊटर बदलल्यावर येते. जुना राऊटर १९२.१६८.१.१ वर होता आणि नवा १९२.१६८.०.१ वर आहे, एवढ्या फरकाने सगळे कॅमेरे एका दिवसात नाहीसे होतात. शिडी लावून एकेक कॅमेरा उतरवण्याची गरज नाही. नव्या राऊटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता बदलून जुन्या राऊटरचा द्यावा, वाय-फायचे नाव आणि पासवर्डही जुनेच ठेवावेत. पाच मिनिटांत सगळी उपकरणे परत येतात.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ असे लिहिलेला लाल दिवा लागला असेल, तर दोष तारेत आहे. पत्त्यांना हात न लावता इंटरनेट कंपनीच्या माणसाला बोलवावे आणि फायबरची बारीक तार स्वतः वाकवू किंवा पुसू नये. त्या डब्याच्या मागचे ‘रिसेट’चे छिद्र टाचणीने कधीही दाबू नये. त्याने अनेकदा कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाते, आणि मग पत्त्यांचा प्रश्न बाजूला राहून घराचे इंटरनेटच बंद पडते. डब्यातील सोय कुलूपबंद असेल तर कंपनीकडे दोनच गोष्टी मागाव्यात: या-या मॅक पत्त्यांना हे-हे पत्ते राखून द्या, किंवा डबा ‘ब्रिज’ पद्धतीवर टाका, म्हणजे आमचा राऊटर सर्व काम पाहील. मागणी इतकी स्पष्ट असली की एका फेरीत काम होते.

स्मार्ट स्विच भिंतीतील बोर्डामागे बसवलेला असेल आणि त्याचा पत्ता पाहण्यासाठी किंवा तो नव्याने जोडण्यासाठी बोर्ड उघडावा लागणार असेल, तर तिथे थांबावे आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. जळका वास, गरम झालेला प्लग किंवा गिझरच्या स्मार्ट प्लगवर काळा डाग दिसला, तर मुख्य स्विच बंद करून आधी त्यालाच बोलवावे. बाहेरच्या भिंतीवरील कॅमेरा विजांच्या पावसानंतर गेला असेल आणि नेटवर्क स्विचवरचा त्याचा दिवाही लागत नसेल, तर कॅमेरे बसवणाऱ्याकडून तार आणि ती लावायचे छिद्र तपासून घ्यावे. सोसायटीचे सामायिक कॅमेरे असतील तर समितीच्या परवानगीशिवाय एकही पत्ता बदलू नये, कारण त्या चित्रणाची जबाबदारी एकट्याची नसते.

शेवटी, रेकॉर्डर बाहेरून पाहता यावा म्हणून राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून देतो असे कोणी म्हणाले, तर ते नाकारावे. तसे केल्याने रेकॉर्डरचे लॉगिनचे पान सगळ्या जगासाठी उघडे होते. शिवाय राऊटरच्या वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात असेल, तर अनेक ग्राहकांमध्ये एकच बाहेरचा पत्ता वाटून दिलेला असतो आणि पोर्ट उघडूनही बाहेरून काही दिसत नाही. कामासाठी जो कोणी घरी येईल त्याला आपली पत्त्यांची यादी दाखवावी, त्याने बदललेला प्रत्येक पत्ता त्याच्याकडूनच तिच्यात लिहून घ्यावा, आणि तो जाण्यापूर्वी राऊटर एकदा बंद-चालू करून रेकॉर्डर, प्रिंटर आणि दिवे त्याच्यासमोर तपासावेत.